ऑक्सफर्ड की केंब्रिज?

गेल्या वर्षीच्या चैत्रातली गोष्ट. सकाळची शाळा अकराला सुटली होती. पाचवीच्या पोरांनी रंगवलेली कलिंगडे वाळत घालून मी वर्गाला कुलूप लावीत होतो, तोच व्हरांड्यात आमच्या गावचे एस.टी. कंडक्टर आणि त्यांची मुलगी अशी दोघे येऊन उभी राहिली. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. चित्रकलेत अगदी बेताची. तिने काढलेला बैल आणि तिने काढलेले टेबल यांत शिंगांपुरताच काय तो फरक असे. पण इतर विषयांत दहावीपर्यंत तिने पहिला नंबर सोडला नाही. पुढे पुण्याला जाऊन तिने अर्थशास्त्राची पदवी घेतली, आणि आता तिच्या हातातल्या फोनच्या काचेवर दोन पत्रे होती. एक ऑक्सफर्डचे आणि एक केंब्रिजचे. दोन्हीकडे आर्थिक इतिहासाच्या वरच्या अभ्यासाला तिला जागा मिळाली होती. पैशांची सोय एका शिष्यवृत्तीने झाली होती आणि ती शिष्यवृत्ती दोहोंपैकी कुठेही चालणार होती. म्हणजे नकार द्यायला पैशाचे निमित्तसुद्धा उरले नव्हते.

"मास्तर, आम्हांला काय कळतंय त्यातलं?" वडील म्हणाले. "दोन्ही गाड्या लांब पल्ल्याच्या, दोन्हींचं तिकीट हातात. बसायचं कुठल्या गाडीत ते तुम्ही सांगा. तुम्ही पुस्तकं लिहिता."

मी पुस्तके लिहितो हे खरे. पण मी स्वतः मॅट्रिक. आता तिला दहावी म्हणतात, पण आमच्या घरची वडीलधारी माणसे अजून मॅट्रिकच म्हणतात आणि माझ्याही तोंडात तोच शब्द बसला आहे. मुंबईला जाऊन चित्रकलेचे रीतसर शिक्षण घ्यावे असे मनात होते. वडील गेले आणि ते राहिले. कॉलेजची पायरी मी चढलो ती कथाकथनाला बोलावणे आले तेव्हा. अशा माणसाने ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांत डावे-उजवे करायचे! मी तिलाच विचारले, "तुझं काय म्हणणं?"

ती म्हणाली, "सर, अभ्यास दोन्हीकडे चांगलाच आहे. मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पुण्याला पहिलं वर्षभर मी वसतिगृहात एकटी जेवले. मी बोलायला तोंड उघडलं की टेबलावरच्या मुली हसायच्या. तुम्हांला कधी सांगितलं नाही. तिथं परत तसंच झालं तर?"

वडिलांनाही हे नवीन होते. ते व्हरांड्याच्या खांबाकडे बघत राहिले. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

आता या दोन विद्यापीठांविषयी मला काही ठाऊक असण्याचे कारण एवढेच, की मी ज्या तालुक्यात शिकवतो तो दापोली तालुका. आंजर्ल्याजवळचे मुर्डी हे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे गाव; तेच रँग्लर परांजपे. एका कादंबरीच्या निमित्ताने मी त्यांच्या काळाची टिपणे काढली होती. कादंबरी झाली नाही, टिपणे राहिली. ती मी त्या रात्री ट्रंकेतून बाहेर काढली.

पहिली गोष्ट ही, की केंब्रिज ही ऑक्सफर्डातून पळालेल्या लोकांची वस्ती आहे. १२०९ साली ऑक्सफर्ड गावात एका विद्यार्थ्याच्या हातून एक बाई मारली गेली. तो पळाला. गावकऱ्यांनी त्याच्याबरोबर राहणारे दोन-तीन जण धरले आणि जॉन राजाच्या संमतीने फासावर चढवले. बाकीचे गुरू आणि शिष्य घाबरून गाव सोडून गेले; कोणी पॅरिसला, कोणी रेडिंगला, आणि काही पूर्वेकडच्या पाणथळ मुलखात केंब्रिज नावाच्या बाजारगावी. पाच वर्षांनी पोपच्या वकिलाने तडजोड घडवून आणली. ऑक्सफर्डच्या गावकऱ्यांनी गरीब विद्यार्थ्यांसाठी दरसाल ५२ शिलिंग द्यावेत आणि संत निकोलसच्या दिवशी शंभर गरीब विद्यार्थ्यांना जेवू घालावे, असे ठरले. बरेचजण परतले, काहींना केंब्रिज मानवले, ते तिथेच राहिले. आज जगभरचे आईबाप ज्या दोन नावांत मुलासाठी निवड करीत डोके धरून बसतात, त्यांपैकी दुसरे नाव जन्मले ते असे, एका खुनापोटी.

गाव आणि विद्यापीठ यांचे वैर पुढेही चालूच राहिले. १३५५ सालच्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डच्या एका गुत्त्यात वाईन बेचव आहे म्हणून दोघा विद्यार्थ्यांनी मालकाच्या डोक्यात मडके घातले, त्यातून दंगल पेटली आणि ६३ विद्यार्थी मेले. त्याचे प्रायश्चित्त म्हणून ऑक्सफर्डच्या महापौराने दरसाल विद्यापीठाला ६३ पेन्स मोजायचे. हा प्रकार १८२५ पर्यंत चालला. आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डचे काही लोक पुन्हा एकदा फुटून स्टॅम्फर्डला गेले. त्यांना सरकारी बळ वापरून मागे आणले आणि तेव्हापासून ऑक्सफर्डच्या एम.ए.ला शपथ घ्यावी लागे, की मी स्टॅम्फर्डात कधी व्याख्यान देणार नाही. ही शपथ १८२७ पर्यंत घेतली जात होती. तोवर स्टॅम्फर्ड म्हणजे काय आणि तिथे व्याख्यान दिल्याने बिघडते काय, हे कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे! शपथा घेणाऱ्यांचे असे होते.

या दोघांत अभ्यासाचा फरक होता का? होता, आणि एके काळी तो फार मोठा होता. ऑक्सफर्डचा जीव लॅटिन-ग्रीक ग्रंथांत आणि तत्त्वज्ञानात, केंब्रिजचा गणितात. केंब्रिजच्या मानाच्या परीक्षेला ट्रायपॉस म्हणतात. पूर्वी वाद घालणारा पदवीधर ज्या तीन पायांच्या तिवईवर बसे, त्या तिवईचे नाव परीक्षेला चिकटले. १८२४ पर्यंत केंब्रिजात सन्मानाची पदवी म्हणजे गणिताचीच. पहिल्या वर्गात येतील ते रँग्लर आणि त्यांत जो पहिला तो सीनियर रँग्लर. निकाल सेनेट हाउसमध्ये नंबरवार वाचून दाखवीत. शेवटून पहिला येई त्याच्यासाठी वरच्या सज्जातून दोरीने एक भलामोठा लाकडी चमचा खाली सोडीत. प्राध्यापकांपेक्षा खाजगी शिकवण्या घेणाऱ्यांची चलती होती; राउथ नावाच्या एका शिक्षकाने पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर तयार केले. आमच्याकडच्या क्लासवाल्यांना हे कळले तर ते त्याची तसबीर लावतील.

मुर्डीचा मुलगा केंब्रिजला गेला तो या गणितामुळे. रघुनाथरावांचे मावसभाऊ किंवा आतेभाऊ असे नाते कुणी कसेही लावो, त्यांना हात दिला तो जवळच्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी. हे तेच कर्वे, जे लहानपणी एका परीक्षेसाठी मुरुडहून घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वयाने लहान दिसतोस म्हणून ज्यांना परत पाठवले. स्वतः दारातून परतलेला माणूस दुसऱ्याला दाराशी कसा नेऊन पोचवतो, याचे मला नेहमी नवल वाटते. परांजपे फर्ग्युसन कॉलेजातून निघाले, सरकारी शिष्यवृत्ती मिळवून १८९६ साली केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. पेंब्रोक कॉलेजच्या बर्टविसल यांच्याबरोबर तो मान त्यांना विभागून मिळाला. त्याआधी आनंदमोहन बोस १८७४ साली रँग्लर झाले होते, पण पहिल्या जागेवर भारतीय माणूस तोवर बसला नव्हता. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीला त्यांनी शब्द दिलेला होता. तो पाळून ते परतले आणि १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

परांजप्यांना ऑक्सफर्ड की केंब्रिज असा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. गणित म्हणजे केंब्रिज, संपले. तसे पाहिले तर आपल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या वाट्याला हा प्रश्न आलाच नाही. चिंतामणराव देशमुख केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले, वनस्पतिशास्त्र शिकले आणि १९१८ साली आय.सी.एस.ला पहिले आले. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला गेले. हिंदुस्थानातील उद्योगधंद्यांच्या वाढीवरचा त्यांचा प्रबंध केंब्रिजात लिहिला गेला आणि १९२४ साली छापला तो ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने! आमच्या मुलीचा विषय हाच, म्हणून या नोंदीखाली मी तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढली.

परंतु तिचा प्रश्न अभ्यासाचा नव्हताच. टेबलावर शेजारी कोण बसेल, हा तिचा प्रश्न होता. आणि टिपणे चाळता चाळता माझ्या ध्यानात आले, की या दोन विद्यापीठांचा खरा इतिहास तोच आहे. कोणाला आत घ्यायचे, घेतले तर कुठवर, आणि कोणाला पंक्तीला बसवायचे?

आपण मॅट्रिक म्हणजे शाळा संपली असे समजतो. तिकडे मॅट्रिक्युलेशन म्हणजे विद्यापीठाच्या पटावर नाव चढण्याचा दिवस. म्हणजे जिथे माझे शिक्षण थांबले, त्याच शब्दाने त्यांचे सुरू होते. ऑक्सफर्डात हे नाव चढवतानाच इंग्लंडच्या धर्मपीठाच्या ३९ कलमांवर सही करावी लागे. केंब्रिज त्या मानाने दिलदार. तिथे कोणीही शिकावे. सही मागत ती पदवी घेताना. म्हणजे ऑक्सफर्ड तुम्हांला उंबऱ्यावरच अडवी आणि केंब्रिज जेवायला बसवून पान वाढण्याच्या वेळी उठवी. यांतले अधिक वाईट कोणते, हे ज्याला उठवले त्यालाच विचारावे. १८५४ आणि १८५६ च्या कायद्यांनी हे बंधन सैल झाले, १८७१ च्या कायद्याने बहुतेक ठिकाणी गेले. परांजपे या कायद्यांच्या आधी तिथे गेले असते, तर गणित येऊनही त्यांचे काय झाले असते?

धर्माचे दार उघडले तरी बायकांचे बंदच होते. इथे मला नाशिकच्या कॉर्नेलिया सोराबजींचे सांगायचे आहे. १८६६ साली नाशिकला जन्म, बेळगाव-पुण्यात बालपण, डेक्कन कॉलेजात शिक्षण. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत त्या अशा वर आल्या, की विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. ती बाईमाणसाला देता येत नाही असे सांगण्यात आले. मग लेडी हॉबहाउस आणि त्यांच्या मैत्रिणींनी वर्गणी जमवली, फ्लॉरेन्स नाइटिंगेलनेही हातभार लावला, आणि १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये पोचल्या. त्यांना कायदा शिकायचा होता. बेलियल कॉलेजचे वृद्ध प्रमुख बेंजामिन जौएट यांनी त्यांना जवळ केले, आपल्याकडच्या बैठकींत मोठमोठ्या माणसांची ओळख करून दिली. (कॉलेजच्या प्रमुखाला तिकडे मास्टर म्हणतात. आमच्या गावात हा शब्द इतक्या अदबीने कोणी उच्चारीत नाही.) परीक्षेची वेळ आली तेव्हा पुरुषांबरोबर बाईला बसू द्यावे की नाही असा पेच पडला, खास परवानगी काढून १८९२ साली त्यांनी बी.सी.एल.ची परीक्षा दिली. ती देणारी ती पहिली स्त्री. त्या उत्तीर्ण झाल्या आणि पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नसे. तो नियम १९२० साली बदलला. १९२२ साली जाऊन त्यांनी आपली पदवी घेतली, तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते. तीस वर्षे मधल्या काळात त्या पडद्यातल्या बायकांची, विधवांची इस्टेटीची प्रकरणे बघत हिंडत होत्या.

त्यांचे राजकारण मला पटत नाही; ब्रिटिश अमलाच्या बाजूने त्यांनी पुढे बरेच लिहिले-बोलले. पण तीस वर्षे पदवीची वाट पाहणे ही गोष्ट राजकारणाच्या अलीकडची आहे.

यावरून ऑक्सफर्ड वाईट आणि केंब्रिज बरे असे कोणी समजू नये. १८९० साली केंब्रिजच्या न्यूनॅम कॉलेजची फिलिपा फॉसेट गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लरच्याही वर आली. बायकांचे नंबर वेगळे वाचीत. तिचे नाव 'सीनियर रँग्लरच्या वर' अशा शब्दांत वाचले गेले. नंबर नाही, पदवी नाही. १८९७ साली बायकांना पदवी द्यावी का यावर केंब्रिजात मतदान झाले, तेव्हा सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा रस्त्यावर टांगून विद्यार्थ्यांनी धुमाकूळ घातला आणि ठराव प्रचंड बहुमताने पाडला. आमचे रघुनाथराव त्या वेळी तिथेच शिकत होते. ते त्या गर्दीत होते की खोलीत गणिते सोडवीत होते, हे माझ्या कादंबरीत मी ठरवणार होतो. १९२१ साली पुन्हा तोच ठराव पडला, आणि विजयाच्या भरात पोरांनी हातगाडी आपटून न्यूनॅमचे कांस्याचे फाटक मोडले. बायकांना मिळाली ती नुसती नावाची पदवी, विद्यापीठाच्या कारभारात हक्क नसलेली. पूर्ण पदवी मिळायला १९४८ साल उजाडले. आपण स्वतंत्र झाल्याला तोवर वर्ष होऊन गेले होते.

आणि याच न्यूनॅममध्ये रँग्लर परांजप्यांची मुलगी शकुंतला गणित शिकायला गेली. १९२९ साली ती गणिताचा ट्रायपॉस पुरा करून बाहेर पडली. बापाचे नाव तीस वर्षांपूर्वी सेनेट हाउसमध्ये पहिले वाचले गेले होते. त्याच विद्यापीठात मुलीला पुरुषांच्या बरोबरीचे सभासदत्व नव्हते. शकुंतलाबाईंनी पुढे कथा-कादंबऱ्या लिहिल्या, संततिनियमनाचे काम केले, लोकांची बोलणी खाल्ली आणि त्या नव्वदीच्या पुढे जगल्या. न्यूनॅमच्या फाटकातून आत जाताना त्यांना काय वाटले असेल, याचे चित्र मी पुष्कळदा काढून पाहिले आहे. जमत नाही.

आपल्या मुलांचे तिकडचे एकटेपण काही नवे नव्हते. केंब्रिजला १८९१ साली आणि ऑक्सफर्डला १८९६ साली भारतीय विद्यार्थ्यांनी आपापली 'मजलिस' काढली, ती बोलायला आपले माणूस हवे म्हणून. तिथे वादविवाद होत, तावातावाने भाषणे होत. ट्रिनिटी कॉलेजात शिकणारे जवाहरलाल नेहरू कॉलेजच्या वादसभेत तोंड उघडायला इतके लाजत, की सबंध सत्रात न बोलणाऱ्याला जो दंड असे तो त्यांनी पुष्कळदा भरला. पुढे ज्यांनी मध्यरात्री साऱ्या देशापुढे भाषण केले, त्यांची ही गोष्ट मी आमच्या मुलीसाठी मुद्दाम वेगळी काढून ठेवली.

सुभाषचंद्र बोस १९१९ च्या शरदात केंब्रिजला पोचले ते सत्र सुरू झाल्यावर. जागा भरलेल्या. फिट्झविल्यम हॉलचे प्रमुख रेडवे यांनी त्यांची हकीकत ऐकली आणि त्यांना घेतले. ही फिट्झविल्यम संस्था १८६९ साली निघाली ती कॉलेजचा खर्च न झेपणाऱ्यांसाठी. गावात खोली घ्यावी आणि विद्यापीठात शिकावे. जुन्या कॉलेजांच्या मानाने गरिबाघरची. त्याच फिट्झविल्यममध्ये १९५७ साली कोल्हापुरात जन्मलेले आणि काशीत वाढलेले जयंत नारळीकर दाखल झाले आणि पुढे १९७२ पर्यंत केंब्रिजातच रमले. त्यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रातले एक नगर तेच. २०२५ च्या मे महिन्यात ते पुण्यात वारले, तेव्हा आमच्या शाळेत मुलांनी फळ्यावर आकाशगंगा काढली होती. ती मी पाऊस सुरू होईपर्यंत पुसू दिली नाही.

ज्याने खरोखरच दोन्ही नगरांत राहून पाहिले आणि मग निवड केली, असा माझ्या टिपणांत एकच माणूस निघाला: रामानुजनना विलायतेला बोलावून घेणारे गणिती हार्डी. पहिल्या महायुद्धात ट्रिनिटी कॉलेजने युद्धविरोधी बर्ट्रंड रसेलना काढून टाकले, ते हार्डींच्या मनाला लागले. १९१९ साली ते केंब्रिज सोडून ऑक्सफर्डला गेले. तिथे ते फार सुखात होते. त्यांच्याभोवती माणसे जमत, गप्पा चालत. तरी १९३१ साली ते केंब्रिजला परतले. त्यांचे मित्र सी. पी. स्नो यांनी कारणे दोन दिली आहेत. पहिले, गणिताचे माहेरघर अजून केंब्रिजच होते. दुसरे असे, की ऑक्सफर्डात पासष्टाव्या वर्षी कॉलेजातली खोली सोडावी लागली असती, आणि ट्रिनिटीत मरेपर्यंत राहता येत होते. हार्डींनी लग्न केले नव्हते. एवढ्या मोठ्या गणितज्ञाचे उत्तर शेवटी एका खोलीपाशी येऊन थांबते, हे वाचून मी वही मिटली.

आठव्या दिवशी बापलेक आली. मी ही सगळी पुराणे सांगितली. आजचे फरक काय ते मी विचारून ठेवले होते, पण ते सांगायला लागलो तेव्हा माझे मलाच हसू आले. सत्रे दोन्हीकडे आठ-आठ आठवड्यांची. एकेकट्याला गुरूसमोर बसवून निबंधाची चिरफाड करण्याची पद्धत दोन्हीकडची. नावे तेवढी वेगळी. नदी दोन्हीकडे. सपाट होडी बांबूने ढकलताना केंब्रिजवाले मागच्या फळीवर उभे राहतात आणि ऑक्सफर्डवाले होडीच्या आत. ऑक्सफर्ड मोठे, गजबजलेले, मोटारींच्या कारखान्याचे गाव. केंब्रिज आटोपशीर, सायकलींचे. पदवीच्या मुलांना तर एकाच वर्षी दोन्हीकडे अर्ज करता येत नाही. अर्जाआधीच निवड करून मोकळे व्हायचे. तुझ्यासारखीला दोन्ही पत्रे आली हेच अवघड झाले आहे.

"पण," मी म्हटले, "एक गोष्ट मला दिसली. यांतलं कुणीच नुसतं ऑक्सफर्डला किंवा केंब्रिजला राहिलं नाही. कॉर्नेलियाबाई सॉमरव्हिलमध्ये राहिल्या, सुभाषबाबू रेडवेंच्या फिट्झविल्यममध्ये. जेवायला बसायचं ते कॉलेजात. तुला कॉलेज कुठलं दिलंय?"

तिने फोन पुढे केला. विद्यापीठांच्या पत्रांखाली आणखी दोन पत्रे होती, कॉलेजांची; ती तिने मला आधी दाखवलीच नव्हती. नावे मी इथे देत नाही, मुलीला संकोच वाटेल.

"दोघांनाही लिही," मी म्हटले. "मी असं असं बोलते, मासमच्छर खाते पण मला काटे-चमचे येत नाहीत, संध्याकाळी कुणाबरोबर जेवू? असं सरळ विचार."

"सर, असं कुणी विचारतं का?"

"परांजप्यांच्या घरी विचारलं नसेल. तू विचार."

वडील मध्येच म्हणाले, "मी चौकशीच्या खिडकीवर सात वर्षं काढलीत. विचारणाराला उत्तर द्यावंच लागतं."

तिने लिहिले. दोन्हीकडून उत्तरे आली आणि दोन्ही मायेची होती. एक कार्यालयाचे होते. दुसरे तिथेच शिकणाऱ्या एका मुलीचे. तिने कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या सामायिक स्वयंपाकघराचा फोटो पाठवला होता. फडताळात हळद, जिरे आणि कुणाचा तरी प्रेशर कुकर. खाली लिहिले होते की मंगळवारी आम्ही पाचजणी मिळून भात करतो, तू मासे आण. ते उत्तर ऑक्सफर्डचे होते. मुलीने ऑक्सफर्डला होकार कळवला. गाडगीळांचे केंब्रिज राहिले, याची मला थोडी हळहळ वाटली. तिला मुळीच वाटली नाही.

ऑक्टोबरात तिचा फोटो आला. पांढरा सदरा, गळ्याशी काळी फीत, अंगावर काळा झगा, चौकोनी टोपी हातात धरलेली. कारण पदवी मिळेपर्यंत ती डोक्यावर घालायची नाही, अशी तिकडची रीत सांगतात. शेजारी चार मुली. खाली तिने लिहिले होते, 'सर, आज मॅट्रिक झाले.'

वडिलांनी तो फोटो स्टँडवर कंट्रोलरपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवला. संध्याकाळी ते माझ्याकडे आले तेव्हा जरा गोंधळलेले दिसले. म्हणाले, "मास्तर, मॅट्रिक तर ती तुमच्याच शाळेत झाली होती ना?"